बारा व्होल्टांचा मास्तर

कोल्हापूर जिल्ह्यात मोटारीच्या मागच्या काचेला हीटर लागतो का, या प्रश्नावर आमच्या घरात एकमत आहे. बायको म्हणते लागत नाही, मुलगा म्हणतो लागत नाही, आणि गडमुडशिंगीतल्या ज्या ज्या माणसानं मला डिकीत अर्धा आत, अर्धा बाहेर असा पालथा पडलेला पाहिलं, तो तो थांबून, चौकशी करून, मान हलवून हेच म्हणाला की लागत नाही. माझं मत कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर मी चार हजार रुपयांची हकिकत सांगितली असती. ही गाडी माझ्याकडे आली तेव्हाच दोन मालक बघून झालेली होती, रंग उडालेला, दार लावायला दोनदा आपटावं लागायचं, पण मॉडेल म्हणे वरचं. विकणाऱ्यानं मला गाडीच्या मागं नेलं, काचेवरच्या आडव्या तपकिरी रेघांवरून हळुवार बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, ह्या रेघा खालच्या मॉडेलला नसत्यात बघा." त्या रेघांचे म्हणून चार हजार जास्त लावले. मी दिले. पुढं कित्येक वर्षं त्यांचं बटण दाबायची वेळ आली नाही, पण गल्लीत कुणाची नवी गाडी आली, तिच्यात पडदा आला, मागं बघायचा कॅमेरा आला, की मी मनातल्या मनात म्हणायचो, आमच्या काचेला हीटर आहे. एवढ्यावर माझं भागत होतं.

पाडव्याच्या आधी घरात साफसफाई निघाली. तिच्यातून अंग काढून घ्यायचं म्हणून मी गाडी धुवायला घेतली. मागच्या काचेच्या आतल्या कडेला काहीतरी चिकटलेलं दिसलं. कधीकाळच्या स्टिकरचा तुकडा असावा, असं समजून आधी नखानं खरवडलं, मग पाणी लावून खरवडलं, तरी हटेना, तेव्हा स्वयंपाकघरातून सगळ्यांची नजर चुकवून उलथनं आणलं आणि त्याचं टोक घालून असा काही झटका दिला की टक्कन आवाज होऊन ते निघालं आणि लोंबायला लागलं. लोंबायला लागलं, कारण त्याला वायर होती. स्टिकरला वायर नसते.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो. मी उभी हयात हायस्कूलवर विज्ञान शिकवलंय. त्यामुळं काय निघालं, ते मला ताबडतोब कळलं. काचेवरच्या त्या रेघा म्हणजे चांदीचा लेप असतो. चांदीची पूड आणि काचेची भुकटी यांचं मिश्रण जाळीतून काचेवर छापतात आणि काच कडक करायला ती भट्टीत 600 अंशांच्या वर तापवतात, तेव्हा ते काचेवर भाजून पक्कं बसतं. दोन्ही कडांना दोन उभ्या रुंद पट्ट्या, आणि मधल्या सगळ्या रेघा वहीतल्या रेघांसारख्या त्यांच्यामध्ये आडव्या, एकमेकींना समांतर जोडलेल्या. एखादी रेघ तुटली तर तेवढीच मरते, बाकीच्या आपापलं काम करत राहतात. पण बॅटरीची वायर जिथं येऊन मिळते ती नखाएवढी धातूची टिकली निखळली, की सगळ्याच थंड. 12 व्होल्ट, रोध साधारण 1 ओहम, म्हणजे प्रवाह 12 अँपिअर, म्हणजे शक्ती 144 वॅट. हे गणित मला झोपेत येतं. जागेपणी येत नाही ते टिकली चिकटवणं.

आधी वायरीत वीज येतेय का, ते बघायला हवं होतं. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पण तो आणायला घरात जावं लागलं असतं, आणि घरात गेलो असतो तर माळ्यावरचे पितळी डबे काढायला लागलो असतो. म्हणून किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि लोंबणाऱ्या वायरीचं टोक गाडीच्या पत्र्याला नुसतं टेकवून बघितलं. वीज येत होती. निळी ठिणगी उडाली, काहीतरी जळल्याचा वास आला, आणि मग वीज यायची थांबली.

फ्यूज उडाला होता. फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा, ते छापलेलं असतं. आमच्या झाकणावर इतक्या वर्षांत फक्त काळपट डाग उरलेले. मी एकेक फ्यूज उपसून उजेडात धरला, गेलेला सापडला, नवा घातला, आणि बाकीचे परत बसवताना एकाची जागा चुकली. ती कुणाची, ते मला गांधीनगरच्या बाजारात कळलं. लग्नसराईचे दिवस, कापडाच्या गठ्ठ्यांनी फुगलेले टेम्पो, पुढं आडवी लावलेली हातगाडी, मागं कर्कश ओरडणारी रिक्षा, आणि माझा हॉर्न मुका. काच खाली करून, "ओ भाऊ, ओ ताई, जरा बाजूला," असं तोंडानं म्हणत मी अख्खी बाजारपेठ पार केली. एका आजोबांनी मला ओळखीचा समजून नमस्कार केला.

हे गांधीनगर म्हणजे एकेकाळची वळिवड्याची छावणी. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1943 पासून 1948 पर्यंत, तिथं सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका-मुलं, सैबेरियाच्या गारठ्यातून सुटून आलेली. पुढं तिथं फाळणीनं घरदार सुटलेले सिंधी लोक आले आणि त्यांनी बाजार उभा केला. खिडकीच्या काचेवर बर्फ धरणं म्हणजे काय असतं, हे आमच्या पंचक्रोशीत कुणाला खरंखुरं माहीत असलं तर त्या पोलिश बायांना. माझी बाजू घेणारं माणूस या भागात होतं, पण माझ्या जन्माआधीच निघून गेलं.

तर टिकली. पहिला उपाय म्हणून मी तो झटक्यात चिकटणारा डिंक वापरला, जो कपाच्या कानापासून चपलेच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे चालतो. टिकली अशी बसली की वा! ओढून बघितली, हलत नाही. बटण दाबलं, काच गार. तासभर दाबून ठेवलं, काच गारच. मग आठवलं की हा डिंक विजेचा दुर्वाहक. टिकली आणि चांदी यांच्यामध्ये मी स्वतःच्या हातानं एक भक्कम भिंत बांधली होती. हा धडा मी दर वर्षी नववीला शिकवायचो, सुवाहक-दुर्वाहक, तक्त्यासकट. टिकली काढू म्हटलं तर तिच्याबरोबर माझं बोटही चिकटलेलं. तशा अवस्थेत शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी भिशीच्या हिशोबाचा विषय काढला. मी डिकीत ओणवा, एक हात काचेला लावून, "हो, हो, बरोबर," म्हणत राहिलो. सुनेच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीनं शेवटी मला सोडवलं. बाटली संपली. सून काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप दिसलं.

मग मी डाख द्यायचं ठरवलं. उचगावच्या रस्त्याला माझ्या एका विद्यार्थ्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मुलगा हुशार, हात सोन्याचा, पण त्याचा एकच दोष: मला फार मानतो. मी गाडी लावली, टिकली दाखवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सांगायचं होतं, पण मी तोवर बोलायला लागलो होतो. ओहमचा नियम झाला, समांतर जोडणी झाली, चांदी सगळ्या धातूंत उत्तम वाहक हेही झालं. त्यानं निमूट ऐकून घेतलं, सोल्डरगन तापवून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, तुमच्यापुढं आम्ही काय करणार? तुम्हीच करा. आम्ही बघतो." असं म्हणून तो आणि त्याची दोन पोरं टेम्पोच्या आड जाऊन उभी राहिली.

टेम्पोच्या आड का, ते सांगतो. गाडीची मागची काच भट्टीतून काढून गार हवेच्या झोतानं झटक्यात थंड केलेली असते, म्हणून तिच्या पृष्ठभागावर कायमचा दाब आणि पोटात ताण असतो. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी मजबूत, पण गेली तर तडा जात नाही, सबंध काच एका क्षणात हरभऱ्याएवढे खडे होऊन खाली येते. एकाच ठिकाणी एकदम चटका बसला तरी हे होऊ शकतं. मला हे माहीत होतं. म्हणूनच माझा हात थरथरत होता, आणि हात थरथरत होता म्हणून चटका एकाच ठिकाणी बसत नव्हता, आणि म्हणूनच बहुधा काच वाचली.

कथील वितळलं, टिकलीभोवती चकचकीत गोळा जमला, मी विजयानं सोल्डरगन वर धरली. टिकली खाली पडली. तिच्या जागी काचेवर चांदीच नव्हती, नितळ काच दिसत होती, पलीकडचं उसाच्या रसाचं गुऱ्हाळसुद्धा दिसत होतं.

"सर," टेम्पोमागून आवाज आला, "चांदी गेली की."

"कुठं गेली?"

"तुमच्या कथलात."

वितळलेलं कथील चांदीला विरघळवून स्वतःत घेतं. म्हणून या कामासाठी आधीच दोनेक टक्के चांदी मिसळलेली डाखाची तार वापरतात. ज्या कथलात चांदी आहेच, ते काचेवरची चांदी तितकी ओढत नाही. आणि काच आधी केस वाळवायच्या यंत्रानं कोमट करून घेतात, सोल्डरगन क्षणभरच टेकवतात. हे सगळं त्या मुलाला ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीस रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "सर, वर्गात मधी बोललं की तुम्ही बाहेर उभं करायचा."

तशी तार शोधत मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. त्या गल्ल्यांतून फिरताना मला दर वेळी न्यूनगंड येतो. याच शहरात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि त्यावर 1920 साली 'सैरंध्री' काढला; इथल्या लोकांना इंजिनाचा कुठलाही भाग दाखवा, दुपारच्या चहापर्यंत तसाच दुसरा करून हातात देतील. मी एका दुकानात जाऊन विचारलं, मागच्या काचेच्या हीटरच्या टिकलीसाठी चांदी मिसळलेली बारीक तार मिळेल का. दुकानदारानं आतल्या माणसाला विचारलं, आतल्यानं माळ्यावरच्याला विचारलं, माळ्यावरून उत्तर आलं, "कोल्हापुरात कशाला पायजे मागच्या काचेला हीटर?"

म्हणजे आमच्या घराचा ठराव इथंही पोचला होता.

तेव्हा मला हुपरी सुचली. सुचायलाच हवी होती, कारण चांदीचा प्रश्न आणि आमच्या गावावरून जाणारा रस्ता सरळ हुपरीचा. तिथं घरोघरी पैंजणं घडतात, बोटभर साखळीला किती डाख द्यायचा हे तिथल्या शाळकरी पोरालाही कळतं. बायको म्हणाली, "मी पण येते." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. एका कारागिराच्या दारात गाडी उलटी लावली, डिकी उघडली, काच दाखवली. त्यांनी चष्मा लावला, रेघांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मोडीत घालायची काय?"

मी विषय समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग ते म्हणाले, "मास्तर, चांदी वितळायला साडेनऊशेच्या वर लागतंय. आमचा डाख त्याच्या खाली वितळतोय, पण लई खाली न्हाई. टाकणखार लावून फुंकणीनं आग सोडली तर चांदी ऱ्हाईल. काच ऱ्हाईल काय?" 962 अंश हा चांदीचा वितळणबिंदू मी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलेला. काच कधी मऊ पडते, हेही मला ठाऊक होतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचं मात्र हुपरीपर्यंत जाऊन चहा प्यायल्यावर सुचलं. आत बायकोनं पैंजणांचा जोड पसंत केला होता. गाडीच्या दुरुस्तीच्या खर्चात तो धरावा की नाही, यावर परतीच्या वाटेवर आमचं एकमत झालं नाही.

शेवटी मुलानंच मोबाइलवर बोट फिरवून ते औषध मागवलं: चांदीची पूड घातलेला, दोन भागांचा लुकण. दोन्ही भाग समसमान कालवायचे, काच स्पिरिटनं पुसायची, टिकली बसवायची आणि एक रात्र नि एक दिवस हात लावायचा नाही. ट्यूब एवढीशी आणि किंमत अशी की बायकोनं ती हातात घेऊन आधी वजन केलं. "एवढ्याशा टिकलीला एवढं? आणि उरलेल्याचं काय करायचं?" मी म्हटलं, लागेल कधीतरी.

गेलेल्या चांदीच्या जागेवरही तोच लेप भरला, टिकली दाबली, वर चिकटपट्टी मारली, आणि कुणी डिकी आपटू नये म्हणून मागं पुठ्ठा लावला: "डिकी उघडू नये". हा पुठ्ठा लावायला नको होता. संध्याकाळपर्यंत गाडीभोवती पोरांचं रिंगण जमलं. नंतर मोठी माणसं येऊन, हात मागं बांधून, काचेतून आत वाकून बघायला लागली. रात्री जेवताना वरच्या गल्लीतला एकजण दारात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सर, डिकीत साप धरून ठेवलाय म्हणं? आमच्या पोरास्नी दावता काय?" मी नाही म्हटलं. मग तो घोरपडीवर आला.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेतला. या वेळी माळ्यावरचे डबे काढून. त्याच्या टोकानं रेघ ओरखडू नये म्हणून टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळतात, तोही गुंडाळला. एका कडेला 12, दुसऱ्या कडेला शून्य, आणि रेघेच्या बरोबर मधोमध 6. पुस्तकात छापतात तस्सा 6. मी तो आकडा बायकोला दाखवायला नेला, पण मीटर गाडीपासून लांब नेल्यावर त्यावर शून्य दिसत होतं. ती म्हणाली, "छान."

आकड्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, धुकं घालवून दाखवायला पाहिजे. पण मे महिन्यात धुकं कुठून आणणार? काचेवर बाष्प धरतं ते आतली दमट हवा गार काचेला टेकून दवबिंदूच्या खाली जाते म्हणून. तेव्हा संध्याकाळी गाडीच्या चारही काचा लावल्या, इंजिन चालू करून थंड हवेचा झोत फक्त मागं सोडता येत नाही म्हणून काचेवर बाहेरून गार पाणी मारलं, पातेलंभर उकळतं पाणी आत घेतलं आणि दार लावून बसलो. बाष्प धरलं. काचांवर धरलं, चष्म्यावर धरलं, माझ्यावर धरलं. नेमकं तेव्हाच उजळाईवाडीला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. त्याच्या वैमानिकापुढची काचसुद्धा विजेनंच तापवलेली असते; त्या क्षणी आम्ही दोघं बरोबरीचे होतो. मी बटण दाबलं. थोड्या वेळानं मागच्या काचेवर आधी रेघेरेघेशी बारीक चिरा उघडल्या, मग त्या रुंद झाल्या, मग एकमेकींना मिळाल्या, आणि त्यातून मला शेजारच्या काकूंचा चेहरा दिसला. त्या काचेला नाक लावून आत बघत होत्या.

"वाफ घेताय व्हय?" त्या म्हणाल्या. "लई सर्दी झाल्या सरांना." दहा मिनिटांत आल्याचा काढा आला. तो प्यावा लागला.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर वैभववाडीकडं माझ्या सासुरवाडीला जायचं निघालं आणि मी मनातून हरखलो. गगनबावडा म्हणजे आपल्याकडचा धुक्याचा कारखाना. असळज मागं पडलं तशी हवा गार झाली, पाऊस वाढला, चौघांच्या श्वासांनी काचा भरल्या. पुढची काच गाडीच्या हवेनं साफ होत होती. मागची पांढरी. मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, गाडी कडेला घेतली आणि बटण दाबलं. रेघा उघडल्या, बाष्प सरकत सरकत नाहीसं झालं, काच आरशात आरपार स्वच्छ दिसायला लागली, कुठं थेंब नाही, डाग नाही. त्या स्वच्छ काचेतून मला अतिशय स्वच्छ धुकं दिसलं.

मागून मुलगा म्हणाला, "बाबा, चालू झालं का?"

परतताना मेहुण्यानं डिकीत एक फणस ठेवला. मी म्हटलं, काचेपासून लांब ठेवा. तो म्हणाला, "भावोजी, काळजी नको, गोणीचा टेकू दिलाय." घाट चढताना एका वळणावर गोणी एकीकडं गेली आणि फणस दुसरीकडं. घरी आल्यावर डिकी उघडली. मी बसवलेली उजवीकडची टिकली तसूभरही हललेली नव्हती. डावीकडची, कारखान्यातून बसून आलेली, वायरीसकट काचेवरून उठून फणसाच्या देठाशी, पांढऱ्या चिकात रुतून बसली होती. मी ओढली. निघेना. बायकोनं हाताला तेल लावून ओढली, तरी निघेना.

"बघा," ती म्हणाली, "काय धरलंय घट्ट! आणि फुकटात."

"वाळला की चीक विजेचा दुर्वाहक असतो," मी म्हणालो.